मोटारसायकलवरचे स्पीकर : बसवून घ्यावेत की आपणच बसवावेत?

गेल्या पावसाळ्यात आमच्या कनिष्ठ महाविद्यालयातला अकरावीचा एक मुलगा प्रयोगशाळेत माझ्यापुढे एक खोके घेऊन उभा राहिला. खोक्यात लहान ॲम्प्लिफायर आणि दोन स्पीकर होते. त्याचा थोरला भाऊ रोज पहाटे मोटारसायकलवरून डेअरीला दूध घालतो. त्याच्या गाडीला हे बसवायचे होते. "सर, दुकानदार नुसते बसवून द्यायचे आठशे रुपये मागतोय. तीन तर वायरी आहेत. मी घरीच बसवू का?"

प्रश्न तुम्हाला क्षुल्लक वाटेल. परंतु पुस्तकात ओहमचा नियम पाठ केलेल्या मुलाने तो नियम स्वतःच्या घरच्या वस्तूवर वापरावा की नाही, असा तो प्रश्न आहे, आणि त्यावर माझे मत ठाम आहे. ज्याला मंडलाची आकृती कागदावर काढता येते आणि प्रत्येक वायरीतून किती प्रवाह जाईल हे सांगता येते, त्याने जरूर स्वतः बसवावे. ज्याला हे येत नाही, त्याने पैसे द्यावेत; पण पैसे दिल्यावर चहा प्यायला जाऊ नये, मिस्त्रीच्या शेजारी उकिडवे बसावे. "तीन तर वायरी आहेत" असे म्हणणारा मात्र अजून दोन्हींपैकी कशालाच तयार नसतो. मी हे अनुभवाने सांगतो.

सन २००३ मध्ये मी कोल्हापुरात एम.एस्सी. करीत होतो. माझ्याजवळ जुनी, हातबदल झालेली मोटारसायकल होती. तिच्या हँडलवर मी एका दुकानातून कॅसेट प्लेअर बसवून घेतला. दुकानदाराने अर्ध्या तासात काम उरकले, मी मजुरी दिली आणि गाणी ऐकत निघालो. वायर कोठून घेतली, कशी नेली, हे मी विचारले नाही. पदार्थविज्ञानाचा पदव्युत्तर विद्यार्थी असूनही नाही!

दोन महिन्यांनी आंबा घाट रात्री उतरत असताना दिवा एकाएकी गेला. हॉर्न गेला, मागचा लाल दिवाही गेला. इंजिन मात्र चालूच होते, कारण त्या गाडीत ठिणगीसाठी लागणारी वीज बॅटरीतून येत नसे, ती मॅग्नेटोतून येई. एका बाजूला दरी आणि मी मिट्ट काळोखात. कशीबशी गाडी कडेला घेतली. थोड्या वेळाने एक ट्रक थांबला. चालक सज्जन माणूस होता. त्याने फ्यूज काढून पाहिला, तो जळाला होता. माझ्याजवळ दुसरा नव्हता. त्याने सिगारेटच्या पाकिटातली चांदी काढली, जळक्या फ्यूजभोवती पाच-सहा वेढे दिले आणि म्हणाला, "बसवा, घरापर्यंत जाल."

फ्यूज का जळाला, हा प्रश्न मी त्या क्षणी विचारायला हवा होता. विचारला नाही. चांदी गुंडाळलेला फ्यूज जागी बसवला आणि पेट्रोलच्या टाकीखालून धूर आला. जळक्या प्लॅस्टिकचा वास तुम्हाला ठाऊक असेल. मी बॅटरीची वायर हाताने ओढून तोडली; उजव्या हाताच्या तर्जनीवर तिचा वण अजून आहे.

झाले होते ते असे. त्या गाडीत सगळ्या दिव्यांना मिळून एकच फ्यूज होता. दुकानदाराने त्याच्या पलीकडच्या टोकाला एक बारीक वायर जोडून ती टाकीखालून हँडलपर्यंत ताणून नेली होती. हँडल वळते तेथे, म्हणजे गाडीच्या मानेपाशी, ती दर वळणाला लोखंडावर घासत राहिली. दोन महिन्यांत वरचे प्लॅस्टिक झिजले आणि आतले तांबे सांगाड्याला टेकले. मोटारसायकलचा सांगाडा म्हणजे बॅटरीचे ऋण टोकच. झाला लघुपरिपथ!

आता वही घ्या. वायरीचा छेद ०.५ चौरस मिलिमीटर होता, लांबी १ मीटर धरू. तांब्याची रोधकता १.७ × १०⁻⁸ ओहम-मीटर आहे. रोध येतो ०.०३४ ओहम. बॅटरीचा अंतर्गत रोध, जोडण्या आणि सांगाडा यांचा मिळून आणखी काही रोध असणारच, तेव्हा प्रवाह हात राखून १०० अँपियर धरू. वायरीत निर्माण होणारी उष्णता म्हणजे प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे सुमारे ३४० वॅट. तुमच्या प्रयोगशाळेतली लहान सोल्डरिंग इस्त्री २५ वॅटची असते. तशा तेराहून अधिक इस्त्र्या एका मीटरभर वायरीत, पेट्रोलच्या टाकीखाली!

एवढ्यावर थांबू नका. त्या वायरीतले तांबे आहे तरी किती? अर्धा घन सेंटिमीटर, म्हणजे साडेचार ग्रॅम. तांब्याची विशिष्ट उष्णता दर ग्रॅमला दर अंशाला ०.३९ ज्यूल आहे. तेव्हा वायर १ अंशाने तापवायला पावणेदोन ज्यूल पुरतात, आणि तेथे सेकंदाला ३४० ज्यूल येत आहेत. भागाकार करा : सेकंदाला जवळजवळ २०० अंश. साध्या पी.व्ही.सी. वेष्टणाची वायर ७० अंश सेल्सिअसपर्यंत वापरण्यासाठी बनवलेली असते. हात बॅटरीपर्यंत पोचायला मला तीन-चार सेकंद तरी लागले असतील.

आठशे रुपयांचा प्रश्न खरा येथे आहे. मजुरी आपण तीन वायरी जोडण्याची देत नाही. वायर कोठून न्यायची, कोठे बांधायची आणि फ्यूज कोठे घालायचा, या निर्णयांची देतो. आमच्या दुकानदाराने जोडणीचे पैसे घेतले आणि निर्णय घेतलाच नाही. तसे पाहिले तर फ्यूजने आपले काम चोख केले होते. चांदी मी बसवली.

नव्या उपकरणाला स्वतंत्र फ्यूज हवा, आणि तो बॅटरीच्या धन टोकाला शक्य तितका लागून हवा. पुष्कळ मुले तो उपकरणाजवळ घालतात, कारण तेथे हात पोचतो. फ्यूज उपकरणासाठी आहे, हा गैरसमज त्यामागे असतो. फ्यूज मुख्यतः वायरीसाठी असतो. वायर कोठेही सांगाड्याला टेकली तरी तो प्रवाह फ्यूजमधून गेला पाहिजे. फ्यूज हँडलपाशी असेल, तर बॅटरीपासून तेथपर्यंतची सगळी वायर अनाथ राहते.

फ्यूज किती अँपियरचा, हे शोधताना त्या मुलाला एक गंमत दिसली. खोक्यावर ठळक अक्षरांत '५०० वॅट' छापले होते आणि ॲम्प्लिफायरला कारखान्यातूनच बसवलेला फ्यूज होता ५ अँपियरचा. बारा गुणिले पाच साठ. साठ वॅट आत गेल्यावर पाचशे वॅट बाहेर कसे येणार? ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम ज्याला येतो, त्याला बाजारात फसवणे थोडे कठीण जाते. प्रत्यक्षात ते यंत्र नेहमीच्या आवाजाला दोन अँपियरच्या आसपास घेत होते. लहान मोटारसायकलची वीजनिर्मिती साधारण शंभरेक वॅटची, तीही इंजिन वेगात असताना. आणि एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा पुढचा दिवा दिवसाही चालू राहतो. तेव्हा पाचशे वॅट असते, तर भावाला दूध बैलगाडीनेच न्यावे लागले असते.

दुसरी युक्ती मला फार आवडते आणि ती कोणत्याही पुस्तकापेक्षा गॅरेजात अधिक भेटते. सगळी जोडणी झाली की लगेच फ्यूज बसवू नका. फ्यूजच्या जागी दिशादर्शकाचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब जोडा. जोडणीत कोठे लघुपरिपथ असेल तर बल्ब पूर्ण तेजाने पेटेल, पण प्रवाह पावणेदोन अँपियरच्या पुढे जाणार नाही आणि वायर थंड राहील. बल्ब मंद लागला किंवा लागलाच नाही, तर निर्धास्तपणे फ्यूज घाला. चुकीची किंमत एका बल्बाच्या प्रकाशाइतकी करून टाकणारी ही युक्ती प्रत्येक शाळेच्या प्रयोगशाळेत शिकवली पाहिजे, असे मी शिक्षक मित्रांना आग्रहाने सांगेन.

बॅटरी सोडवताना ऋण टोक आधी सोडवतात, तेही असेच. नुसते पाठ करू नका, कारण पाहा. ऋण टोक सांगाड्याला जोडलेले असताना तुम्ही धन टोकाचा बोल्ट फिरवू लागलात आणि पाना सांगाड्याला टेकला, तर पानाच लघुपरिपथ होतो. ऋण आधी सोडवले की मंडल तुटलेले असते. मग पाना कोठेही टेकू दे.

हे वाचून, दुकानदार सगळे अडाणी आणि पदार्थविज्ञानवाले सगळे शहाणे, असे कोणी समजू नये. घाटातल्या प्रसंगानंतर मी ईर्षेने सगळी जोडणी स्वतः केली. प्रत्येक सांधा सोल्डर केला, आरशासारखा चकचकीत. चार महिन्यांत दोन सांधे तुटले. मी चकित होऊन ते एका वृद्ध ऑटो-इलेक्ट्रिशियनला दाखवले. ते हसले आणि म्हणाले, "सर, गाडी टेबलावर ठेवून चालवत नाहीत." सोल्डर वायरीच्या तारांमध्ये शोषले जाते आणि तेवढा भाग काडीसारखा ताठ होतो. तो जेथे संपतो त्या रेषेवर इंजिनाच्या कंपनांनी वायर पुन्हापुन्हा वाकते आणि तेथेच तुटते. म्हणून ते दाबून बसवायची टोके वापरीत आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून टाकीत. धातूंचा थकवा मी पुस्तकात वाचला होता. त्यांनी तो बोटांनी शिकला होता. अशा माणसाला आठशे रुपये देताना मी घासाघीस करणार नाही.

आणि काही गाड्यांना तुम्ही हात लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. एप्रिल २०२० नंतरच्या बी.एस. ६ गाड्यांत बहुधा इंधन मोजून सोडणारा छोटा संगणक आणि त्याचे संवेदक असतात. तेथे 'जवळची वायर' म्हणून संवेदकाची वायर सोलली, तर स्पीकर वाजेल पण गाडी चालणार नाही. हमीची मुदत चालू असेल तर विक्रेत्याला आधी विचारावे, आणि त्याने बसवून दिल्यास पावतीवर तसे लिहून घ्यावे.

आता, मुळात स्पीकर हवेतच कशाला? वाहनात संगीत ऐकण्याची हौस जुनीच आहे. 'मोटोरोला' हे नावच मुळी १९३० साली मोटारीतल्या रेडिओसाठी घडवले गेले, आणि होंडाच्या 'गोल्ड विंग' या थोराड मोटारसायकलीवर १९८० च्या दशकात रेडिओ-कॅसेट कारखान्यातूनच मिळू लागले. पण मोटारीला काचा असतात, मोटारसायकलला वारा. ताशी १०० किलोमीटरला हेल्मेटच्या आतच वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या पुढे जातो. त्यावर गाणे ऐकू यायचे तर ते शंभरीला न्यावे लागते. ८५ डेसिबल आठ तास सुरक्षित धरले आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा केला, तर १०० डेसिबलसाठी उरतात पंधरा मिनिटे! शिवाय मागून येणाऱ्या वाहनाचा हॉर्न ऐकू येत नाही, तो वेगळाच. वेगाने जाणाऱ्याने स्पीकर बसवू नयेत, मग मजुरी कोणीही घेवो.

आमच्या मुलाचा भाऊ मात्र दोन कॅन बांधून ताशी तिशी-पस्तिशीने जाणारा. त्याला वाऱ्याशी झुंजायचे नव्हते. पण तो निघतो पहाटे पाचला, आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ ही मर्यादा ४५ डेसिबल आहे. तेव्हा गाव ओलांडेपर्यंत बंद, हे ठरवूनच आम्ही आकृती काढायला बसलो. गाडी जुनी होती, हमी संपलेली. मुलाने तीन दिवस आकृत्या काढल्या. पहिल्या दोन मी परत केल्या. तिसऱ्या दिवशी बल्ब लावून पाहिला, तो मंद लागला. फ्यूज बसवला. गाणे वाजले.

सोमवारी तो पुन्हा दारात. गाडी पहाटे सुरूच झाली नव्हती. भावाने अठरा लिटर दूध सायकलवरून नेले होते. मी त्याला मल्टिमीटर दिला आणि किल्ली बंद ठेवून बॅटरीच्या वायरीत जोडायला सांगितले. काटा ०.२ अँपियरवर स्थिर होता. ॲम्प्लिफायर गप्प असतानाही जागा होता, कारण त्याची वायर किल्लीला वळसा घालून थेट बॅटरीतून आली होती. तिसरी आकृती मी नीट पाहिली नव्हती. "सर, बॅटरी पाच अँपियर-तासांची," तो म्हणाला, "म्हणजे पंचवीस तास. शनिवारी रात्री गाडी लावली, रविवारी डेअरी बंद." मग तोच रिले आणायला निघाला.