राजाची मर्जी की कास्तकाराचा हक्क?



देऊळगाव राजाच्या बैठकीला काही जण सिंदखेड राजावरून आले असतील. तिथे जिजाऊंचे वडील लखुजीराव जाधव यांची समाधी आहे. १६२९ साली निजामशहाने त्यांना दौलताबादच्या दरबारात बोलावले आणि मुलांसह तिथेच कापून काढले. ना चौकशी, ना निवाडा. सरदाराची ही गत, तर त्याच्या मुलखात ज्वारी पेरणाऱ्या कुणब्याची काय कथा!

त्याच १६२९ साली इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्स राजाने पार्लमेंटला घरी पाठवले. संमतीशिवाय कर बसवू नका, हे बोलणे त्याला सोसवेना. पुढे ११ वर्षे त्याने एकट्याच्या मर्जीने राज्य केले. आरमाराच्या नावाने पट्टी वसूल केली. वर सांगे, माझा अधिकार देवाने दिलेला. प्रार्थना कशी करायची हेही तोच ठरवणार. हजारो लोक जहाजात बसून अमेरिकेला गेले. मागे राहिलेल्यांपैकी कित्येक १६४२ साली लढाईला उभे राहिले आणि १६४९ साली राजाचे मुंडके उडाले.

शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. आपण विचारायचे ते पुढचे. कुणब्याला काय मिळाले?

१६४७ साली पटनी गावी सैनिकांनी मागितले, गरिबातल्या गरिबालाही राज्यात मत हवे. सेनापतींनी त्यांना दडपले. १६४९ साली जेरार्ड विन्स्टन्लीच्या सोबतीने भूमिहीन माणसे गावकीची पडीक जमीन पेरायला गेली. त्यांना मारून हुसकावले. १६६० साली मेलेल्या राजाचा मुलगा गादीवर आला. शेवटी १६८९ साली कायदा झाला की पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर नाही. गोष्ट मोठी, यात शंका नाही. पण पार्लमेंटात बसले होते कोण? जमीनदार आणि सावकार-व्यापारी.

अमेरिकेला गेले त्यांचे तरी काय? धर्माच्या छळाला कंटाळून गेलेल्यांनीच १६६० साली बॉस्टनमध्ये मेरी डायर या बाईला फाशी दिली. का, तर तिचा पंथ वेगळा! व्हर्जिनियात शेतकरी तंबाखू पिकवत. १६६० च्या इंग्लंडच्या कायद्याने ठरवले की तंबाखू इंग्लंडला आणि त्याच्या वसाहतींनाच विकायची, दुसऱ्या देशाला नाही. त्या यादीत कापूसही होता. भाव पडले. गव्हर्नरने १४ वर्षे निवडणूक घेतली नव्हती. १६७६ साली बंड झाले आणि सप्टेंबरात जेम्सटाऊन ही राजधानी जाळली गेली. बंडाचा पुढारी बेकन याने राग तिथल्या मूळ रहिवाशांवरही काढला, हे लपवायचे कारण नाही. पुढारी आजाराने मेला, साथीदार फासावर गेले. तंबाखूचा कायदा जागेवरच राहिला.

आता त्याच महिन्यात आपल्याकडे काय झाले पाहा. ५ सप्टेंबर १६७६ ला शिवाजी महाराजांनी प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना पत्र लिहिले. ज्याला बैल नाही त्याला बैलाला पैसे द्या, पोटाला दाणे द्या, व्याज न लावता फक्त मुद्दल त्याच्या ऐपतीने हळूहळू घ्या. वसुलाचा माल हंगाम पाहून, भाव पाहून विका. तीनशेहून जास्त वर्षांपूर्वी राजाला हे कळत होते!

पण भावांनो, पुढचेही ऐका. १६८० साली महाराज गेले. मोगलांच्या फौजा आल्या आणि १७०७ पर्यंत मुलूख तुडवला गेला. चांगल्या राजाचा चांगला हुकूम त्याच्या हयातीपुरता चालतो. महाराजांसारखा राजा विरळाच. म्हणूनच दुसऱ्याची वाट पाहत बसणे हा शहाणपणा नव्हे.

नुसते पार्लमेंटही पुरत नाही. १९७२ पासून आपल्या कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली. राजा नव्हता, निवडून दिलेले आमदार होते. तरी पलीकडे मध्य प्रदेशात भाव जास्त असेल त्या वर्षीही राज्याची हद्द ओलांडून कापूस नेणारा गुन्हेगार ठरे. व्हर्जिनियाच्या तंबाखूला जो दोर लावला, तोच आपल्या कापसाच्या गळ्यात पडला. ती योजना गेली. पण तुमचा माल कुठे, कधी विकायचा हे तुम्हाला न विचारता ठरवण्याची खोड गेली का?

म्हणून यापुढे गावात मते मागायला कोणी आला आणि म्हणाला, मी तुमचे भले करीन, तर त्याला बसवा, पाणी द्या आणि एवढेच विचारा: आमच्या मालावर बंधन घालताना आम्हाला विचारले पाहिजे, हे कायद्यात लिहून देतोस का? तो मर्जीची भाषा बोलू लागला, तर त्याला दौलताबादची वाट दाखवा.