पिसांआड लपलेला आजार

आठवड्याच्या बाजारात कधी कधी गुलाबी, हिरव्या, जांभळ्या रंगांत बुडवलेली कोंबडीची पिल्ले टोपलीतून विकावयास येतात. ती बहुधा अंड्यांसाठी पोसल्या जाणाऱ्या जातींतील नर पिल्ले असतात. ती अंडी देणार नाहीत म्हणून उबवणी केंद्राला त्यांचा उपयोग नसतो, आणि मग ती खेळण्याच्या भावाने बाजारात येतात. धान्याच्या एका व्यापाऱ्याच्या घरी अशी तीन पिल्ले आली. नऊ वर्षांच्या नातीने खाऊच्या पैशांतून ती सोडवून आणली होती. आजोबांनी तिला समजावले, की विकत घेऊन सोडवलेल्या पिल्लांच्या जागी विक्रेता पुढच्या बाजारी आणखी पिल्ले आणतो; तेव्हा पुन्हा असे करू नये. परंतु घरात आलेला जीव आता आपल्या जबाबदारीचा झाला, हेही त्यांनी सांगितले. पिल्लांना खोक्यात ठेवले, दाणे दिले, पाणी दिले. तिसऱ्या दिवशी सकाळी एक पिल्लू निष्प्राण आढळले. "काल संध्याकाळी तर ते दाणे टिपत होते, आजोबा!" नात रडत म्हणाली.

तिच्या या एका वाक्यात पक्षिपालनाचा सर्वांत महत्त्वाचा धडा सामावलेला आहे. कोंबडी हा निसर्गात इतरांचे भक्ष्य ठरणारा पक्षी. जो दुबळा दिसला तो प्रथम मारला गेला. कळपातील इतर पक्षीही दुबळ्याला टोचून हैराण करतात. त्यामुळे अंगात त्राण असेपर्यंत आजार लपवायचा, हा तिचा उपजत स्वभाव बनला आहे. आजारी कोंबडी दाण्याजवळ जाते, चोच मारते, पण गिळत काहीच नाही. ती कोपऱ्यात पिसे फुलवून, मान आखडून, डोळे मिटून बसली असे ज्या दिवशी आपणास दिसते, तो बहुधा आजाराचा पहिला दिवस नसतो. म्हणून तिच्या बाबतीत औषधाच्या आधी निरीक्षण येते, आणि तेही रोजचे. ज्या घरात रोजकीर्द एक दिवसही अपुरी राहत नाही, त्या घराला हे शिस्तीचे काम अवघड नाही.

पहिले पिल्लू कशाने गेले असावे, हे पशुवैद्यांनी खोके पाहताच सांगितले. खोक्यात उबेची सोय नव्हती. नवजात पिल्लाला पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. पुढे दर आठवड्याला ती सुमारे तीन अंशांनी कमी करीत न्यावी. उष्णतामापक नसला तरी पिल्ले स्वतःच सांगतात. ती दिव्याखाली एकमेकांवर चढून चिवचिवत असतील तर त्यांना थंडी वाजते. दिव्यापासून दूर कडेला जाऊन चोच उघडून धापा टाकत असतील तर उष्णता अधिक आहे. सर्वत्र पसरून निवांत असतील तर ऊब योग्य आहे. गारठलेल्या किंवा प्रवासाने थकलेल्या पिल्लाच्या गुदद्वाराशी विष्ठा चिकटून वाळते आणि मार्गच बंद होतो. ती कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने सैल करून हळूच काढावी, ओढू नये.

मोठ्या पक्ष्याचे निरीक्षण सकाळी खुराडे उघडताना करावे. निरोगी कोंबडी दार उघडताच बाहेर धावते. जी मागे राहते तिच्याकडे लक्ष द्यावे. तुरा लालसर व टवटवीत असावा. तो फिकट पडला तर रक्तक्षय किंवा अंगावरील किडे, निळसर पडला तर श्वास अथवा रक्ताभिसरणातील दोष संभवतो. गळ्याखालची अन्नपिशवी रात्री भरलेली आणि सकाळी रिकामी असावी. सकाळीही ती फुगलेली, मऊ व आंबूस वासाची लागली तर अन्न पुढे सरकलेले नाही. विष्ठा सामान्यतः तपकिरी-हिरवट आणि वर पांढरा थर असलेली असते. अधूनमधून पातळ, मोहरीच्या चटणीसारखी, उग्र वासाची विष्ठा पडते. ती पाहून अनेक जण घाबरतात, परंतु तीही स्वाभाविकच असते. हाताला अंग गरम लागले म्हणून ताप समजू नये. कोंबडीच्या शरीराचे तापमानच मुळी ४१ ते ४२ अंश असते.

या सर्वांहून विश्वासू साक्षीदार म्हणजे तराजू. पिसांमुळे कोंबडीचे रोडावणे डोळ्यांना दिसत नाही, पण काट्याला दिसते. दुकानातील मसाल्याचा छोटा काटा आणि एक जुनी वही नातीच्या स्वाधीन झाली. उरलेल्या दोन पिल्लांची वजने ती रोज सकाळी लिहू लागली. पाचव्या आठवड्यात एका पिल्लाचे रोज दहा-बारा ग्रॅमने वाढणारे वजन दोन दिवस जागच्या जागी थांबले. पिल्लू दिसायला चांगले होते. तरीही आजोबांनी खोक्यातील तूस निरखून पाहिले, तेव्हा विष्ठेत रक्ताचा अंश आढळला.

ही रक्ती हगवण. आतड्यात वाढणाऱ्या सूक्ष्म परजीवीमुळे ती होते आणि तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांत विशेष आढळते. ओलसर तुसात हा परजीवी फैलावतो. पावसाळ्यात तो अधिक बळावतो. पशुवैद्यांनी पाण्यातून अँप्रोलियम हे औषध दिले, ओले तूस काढून कोरडे घालावयास सांगितले आणि पाण्याचे भांडे विटेवर उंच ठेवविले, म्हणजे पाणी सांडू नये व त्यात विष्ठा पडू नये. आठवडाभरात वजन पुन्हा वाढू लागले. दोन दिवस उशीर झाला असता, तर बहुधा दुसरे पिल्लूही गेले असते.

काही आजारांना मात्र औषधच नाही, केवळ लस आहे. त्यांत पहिला मानमोडी अर्थात राणीखेत. १९२६ साली जावा बेटावर आणि इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे या रोगाची नोंद झाली. पुढे दोनेक वर्षांत तो उत्तराखंडातील राणीखेत येथे आढळला आणि आपल्याकडे त्याच गावाचे नाव त्याला चिकटले. हिरवट पातळ विष्ठा, श्वासाची घरघर, मान पिळवटणे, पाय व पंख लुळे पडणे ही त्याची लक्षणे. लसोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यांत किंवा नाकात थेंब घालून देतात. पुढची मात्रा चौथ्या आठवड्याच्या सुमारास व त्यानंतरची लस आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचून देतात. अडचण अशी, की एका कुपीत शंभर वा त्याहून अधिक मात्रा असतात आणि फोडलेली कुपी ठेवता येत नाही. घरी दोनच पक्षी असतील तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीकरणाचा दिवस विचारून त्या दिवशी पक्षी न्यावेत.

दुसरा आजार देवी. तुरा, पापण्या व चोचीभोवती फोड येऊन त्यांच्या खपल्या धरतात. डास त्याचा प्रसार करतात. खपल्या ओढून काढू नयेत. डासांपासून बचाव, मऊ अन्न व स्वच्छता एवढ्यावर बहुतेक पक्षी तीन-चार आठवड्यांत बरे होतात. फोड तोंडाच्या आत आले तर मात्र श्वास व गिळणे अडते. तेव्हा घरी थांबू नये. याचीही लस सहाव्या ते आठव्या आठवड्यात देतात.

शहाबादी फरशीच्या अंगणात वावरणाऱ्या जड पक्ष्याच्या तळव्याला काळा खपलीदार फोड येतो व पाय सुजतो. कठीण जमीन आणि उंचावरून उड्या मारणे ही त्याची कारणे. आरंभी कोमट मिठाच्या पाण्यात पाय शेकून, जंतुनाशक लावून, मऊ पट्टी बांधावी व जमिनीवर तूस पसरावे. आत पू धरला असेल तर तो काढणे हे पशुवैद्याचे काम आहे.

अंडी उत्पादनाच्या पिंजऱ्यांतून सुटून आलेल्या कोंबड्यांचा प्रश्न वेगळाच असतो. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देण्यासाठी घडवलेले ते शरीर आतून झिजलेले असते. एका कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जाते. आहारात ते न मिळाल्यास हाडांतून घेतले जाते. शेपूट खाली पाडून, उभट उभी राहून, पुन्हा पुन्हा जोर करणाऱ्या कोंबडीच्या पोटात अंडे अडकलेले असू शकते. तिला वीस-तीस मिनिटे कोमट पाण्यात बसवावे, नंतर कोरडे करून उबदार, अंधाऱ्या जागी ठेवावे. त्याच दिवशी अंडे बाहेर न पडल्यास पशुवैद्याकडे न्यावे. शिंपल्यांचा चुरा ज्यांना नको वाटतो, त्यांना चुनखडीचे बारीक खडे वापरता येतात. ते वेगळ्या वाटीत ठेवावेत. अधिक कॅल्शियम पिल्लांच्या व कोंबड्यांच्या मूत्रपिंडांना बाधते, म्हणून सर्वांच्या दाण्यात मिसळू नये.

धान्याच्या पेढीवर वाढलेल्या वाचकांनी दोन घटना विशेष लक्षात ठेवाव्यात. १८९० च्या सुमारास बटेव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, क्रिस्तियान आइकमान या डच वैद्यांच्या प्रयोगशाळेतील कोंबड्या पायांनी लुळ्या पडल्या. त्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील पॉलिश केलेल्या तांदळाचा भात घातला जात होता. नव्या स्वयंपाक्याने तो देणे बंद केले, कोंबड्यांना साध्या कोंड्यासहितच्या तांदळावर यावे लागले आणि त्या बऱ्या झाल्या. या धाग्यावरूनच पुढे ब-१ जीवनसत्त्वाचा शोध लागला. आइकमान यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरी घटना १९६० ची. इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पिल्ले दगावली. कारण निघाले बुरशी लागलेली शेंगदाण्याची पेंड. तिच्यातील विषालाच अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. तात्पर्य हे, की केवळ पांढऱ्या तांदळाच्या कण्यांवर पक्षी पोसू नये, आणि विक्रीस अयोग्य ठरलेला भिजका मका किंवा कुबट पेंड धर्मादाय म्हणून पक्ष्यांपुढे टाकू नये. ते दान नव्हे.

आजाराची शंका येताच तीन गोष्टी कराव्यात: पक्षी वेगळा ठेवावा, त्याला ऊब द्यावी आणि पाणी पीत आहे ना ते पाहावे. तीन गोष्टी करू नयेत: घरातील माणसांच्या उरलेल्या गोळ्या देऊ नयेत, चोच उघडून तेल वा काढा ओतू नये, कारण तो श्वासनलिकेत जातो, आणि 'उद्या पाहू' असे म्हणू नये. विदर्भ-खानदेशच्या उन्हाळ्यात पंख पसरून धापणाऱ्या कोंबडीला सावली, गार पाणी आणि भोवती ओले पोते हवे. तिला घाम येत नाही. पक्षी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत. लहान मुलांनी पिल्लांचे मुके घेऊ नयेत.

एक प्रश्न अनेक घरांत संकोचाने विचारला जातो: पिसांतील उवा-गोचिड्या आणि पोटातील जंत हेही जीवच, मग औषध द्यावे काय? यावर सर्वांत चांगले उत्तर म्हणजे तो प्रसंगच येऊ न देणे. कोरडी जागा, खुराड्यात येणारे ऊन, फटी बुजवलेल्या भिंती, आणि कोरड्या मातीत राख मिसळून केलेली धूळस्नानाची जागा एवढे असेल तर किडे फारसे वाढतच नाहीत. दुर्लक्षामुळे ते वाढले, तर एका बाजूला त्यांचा आणि दुसऱ्या बाजूला रक्त आटत चाललेल्या कोंबडीचा प्रश्न उभा राहतो. तेव्हा काहीच न करणे म्हणजे निर्दोष राहणे असे समजता येत नाही. निर्णय पशुवैद्याला विचारून, डोळसपणे घ्यावा लागतो.

याहून कठीण प्रसंग बर्ड फ्लूचा. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातील पहिला उद्रेक झाला. अनेक पक्षी एकाएकी दगावू लागले, तर मृत पक्ष्यांना हात न लावता ताबडतोब शासकीय पशुवैद्यांना कळवावे. २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार अशी माहिती देणे बंधनकारक आहे. त्यानंतर ठरावीक परिघातील पक्षी नष्ट केले जातात, हे जाणून हात थबकतो. परंतु बातमी लपवल्याने आपले पक्षी वाचत नाहीत. शेजारच्या गावांतील पक्षी मात्र जातात, आणि माणसांनाही धोका पोहोचतो.

धान्याच्या त्या पेढीवर आज दोन पांढरे कोंबडे सकाळी दारात उभे असतात. वजन आता आठवड्यातून एकदा होते. वहीच्या पहिल्या पानावर गेलेल्या पिल्लाचे नाव नातीने लिहून ठेवले आहे; त्यापुढचा वजनाचा रकाना रिकामा आहे. आजोबांनी तो रकाना तसाच राहू दिला आहे.