विश्लेषण : संशोधकांचा कोड तपासणार कोण?

एकच प्रोग्राम, एकच माहिती. पण विंडोज १० वर उत्तर १७३.२, उबुंटूवर १७२.४ आणि मॅकच्या ‘मोहावे’ आवृत्तीवर १७२.७. हवाई विद्यापीठातील रसायनशास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये हा प्रकार उघड केला, तेव्हा ही पायथन स्क्रिप्ट प्रसिद्ध होऊन पाच वर्षे झाली होती आणि जगभरातील प्रयोगशाळा ती वापरत होत्या. ज्यांत तिचा वापर झाला असू शकतो, अशा दीडशेहून अधिक शोधनिबंधांवर त्यामुळे प्रश्नचिन्ह उभे राहिले.

नेमके चुकले काय?

रेणूची रचना ठरवण्यासाठीची आकडेमोड ही स्क्रिप्ट करते. त्यासाठी ती फोल्डरमधील अनेक फायली वाचते. फायली नावाच्या क्रमानेच हाती येतील, हे तिच्यात गृहीत धरले होते. पायथन मात्र तशी हमी देत नाही. क्रम संगणकाच्या प्रणालीवर अवलंबून असतो. क्रम बदलला की एका फायलीतील आकडा दुसऱ्या फायलीच्या आकड्याशी जोडला जातो आणि उत्तर बिघडते. प्रोग्राम बंद पडत नाही, तांबडा इशाराही येत नाही. उत्तर येते, तेही अगदी पटण्याजोगे. खरा धोका तोच. उपाय काय होता? फायली आधी क्रमाने लावून घेणे, म्हणजे जेमतेम एका ओळीचे काम.

मग पाच वर्षे कुणाच्या लक्षात कसे आले नाही?

कारण शोधनिबंधाचे परीक्षण होते, कोडचे सहसा होत नाही. परीक्षक तक्ते पाहतात, युक्तिवाद तपासतात. तक्ता ज्यातून निघाला तो कोड उघडून पाहण्याची पद्धत बहुतेक विषयांत रुजलेली नाही. पीएचडीचा विद्यार्थी गरजेपुरते पायथन किंवा ‘आर’ शिकतो आणि एकट्याने कोड लिहितो. मग ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल खरी’ अशा फायली साठत जातात. तो बाहेर पडला की पुढचा विद्यार्थी त्यातलीच एक उचलतो. कोणती, हे बहुधा नशिबावर.

विज्ञानाने याची किंमत यापूर्वीही मोजली आहे. प्रथिनांच्या रचनांवरील अमेरिकेतील एका गटाचे पाच शोधनिबंध २००६ च्या सुमारास मागे घ्यावे लागले, कारण दुसऱ्या प्रयोगशाळेकडून आलेल्या छोट्या प्रोग्रामने माहितीचे दोन रकाने उलटसुलट केले होते.

कोडिंग येत असूनही कमी काय पडते?

एकट्याने कोड लिहिणे आणि चारचौघांत लिहिणे यांत फरक आहे. सॉफ्टवेअर कंपनीत नव्याने लागलेल्या अभियंत्यालाही तो पहिल्या काही आठवड्यांतच कळतो. लिनस टॉरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये तयार केलेले ‘गिट’ प्रत्येक बदलाची नोंद ठेवते : कुणी, कधी आणि नोंद नीट लिहिली असेल तर कशासाठी. बदल मुख्य कोडमध्ये जाण्याआधी सहकाऱ्याने तो वाचायचा असतो. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे, असे छोटे उदाहरण प्रत्येक बदलानंतर आपोआप चालवून पाहायचे असते. हीच चाचणी दोन-तीन प्रणालींवर चालवली असती, तर १७३.२ आणि १७२.४ मधला फरक पहिल्याच दिवशी दिसला असता. हे सारे शिकायला काही आठवडे पुरतात. अडचण बुद्धीची नाही, सवयीची आहे.

कोड बरोबर असला तर हा खटाटोप कशाला?

लंडनच्या इम्पीरियल कॉलेजने मार्च २०२० मध्ये करोनाविषयीचे अंदाज मांडले आणि ब्रिटनच्या धोरणावर त्यांचा प्रभाव पडला. त्यामागचा कोड तेरा वर्षांहून जुना, हजारो ओळींचा आणि जवळपास टिपणांविनाच होता, हे नील फर्ग्युसन यांनी स्वतःच सांगितले. बाहेरच्या अभियंत्यांच्या मदतीने साफसफाई करून तो एप्रिलच्या अखेरीस खुला झाला आणि त्यावर टीकेची झोड उठली. जूनमध्ये केंब्रिजच्या एका संशोधकाने तो स्वतंत्रपणे चालवला, तेव्हा मूळ अहवालातील निष्कर्ष पुन्हा मिळाले. म्हणजे आकडे टिकले. पण ते तपासण्याची सोय नव्हती, तोवर टाळेबंदीचे निर्णय होऊन गेले होते.

संशोधक टाळाटाळ का करतात?

चाचण्या लिहिण्यात गेलेला आठवडा बढतीच्या अर्जात कुठेच दिसत नाही, शोधनिबंध दिसतो. आळशीपणाचा ठपका ठेवणे म्हणूनच अन्यायाचे ठरेल. कोड उघडा केला तर चुका सापडतील आणि हसे होईल, ही धास्तीही असते. ब्रिटनमध्ये २०१२ पासून ‘रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनीअर’ ही वेगळी ओळख रुजू लागली आणि काही विद्यापीठांनी अशा अभियंत्यांचे गटच उभारले. इतरत्र मात्र हे काम अजूनही प्रयोगशाळेतल्या सर्वांत नव्या विद्यार्थ्याच्याच गळ्यात पडते, तेही प्रबंधाची मुदत तोंडावर आलेली असताना.