क्रिएटिन: संशय सोडा, हिशेब मांडा

क्रिएटिनचं नाव निघालं की आपल्याकडे स्टेरॉइडची आठवण होते, आणि डबा मुलीच्या बॅगेत सापडला तर भुवया जरा जास्तच उंचावतात. या संशयाला आधार नाही. मिशेल शेव्हरल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३२ मध्ये मांसाच्या अर्कातून वेगळा काढलेला हा पदार्थ मटण-मासळीत असतोच. शिवाय आपलं शरीर तो रोज साधारण एक ग्रॅम स्वतः तयार करतं. ‘वाडा’ या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत तो नाही. तेव्हा नांदेड-लातूरच्या मैदानांवर फुटबॉल खेळणाऱ्या मुलींनी क्रिएटिन घ्यावं का, हा आहाराचा प्रश्न आहे आणि तो आहाराच्याच हिशेबाने सोडवला पाहिजे.

फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटं धावावं लागतं खरं, पण सामना फिरतो तो चार-पाच सेकंदांच्या सुसाट धावेवर. त्या वेळी स्नायू फॉस्फोक्रिएटिनच्या साठ्यावर चालतात. साठा झपाट्याने उतरतो, दम खाल्ला की पुन्हा भरतो. तो मुळातच मोठा असेल तर विसावी धाव पहिलीच्या फार मागे पडत नाही. आता ताटाकडे बघा. किलोभर कच्च्या मटणात क्रिएटिन जेमतेम चार-पाच ग्रॅम. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, शेंगदाण्याची चटणी, सोयाबीन यांत ते जवळपास नाहीच, दूध-अंड्यांतही नावापुरतं. शाकाहारी माणसाच्या स्नायूंतला साठा त्यामुळे कमी असतो, आणि कॅनडात झालेल्या २००३ च्या एका अभ्यासात वरून दिलेल्या क्रिएटिनचा फायदा शाकाहाऱ्यांना अधिक झाल्याचं दिसलं. बाजारातली पावडर कारखान्यात रासायनिक प्रक्रियेने बनते, तिच्यात मांसाचा अंश नसतो. म्हणजे माळकरी घरात या डब्याला धार्मिक अडचण नाही, आणि उपयोग मात्र तिथेच जास्त.

पुरावा आहे, पण त्याची मर्यादाही तेवढीच स्पष्ट आहे. ऑस्ट्रेलियातल्या अव्वल महिला फुटबॉलपटूंवरचा २००२ चा प्रयोग घ्या. सहा दिवस रोज २० ग्रॅम क्रिएटिन घेतल्यावर सामन्यासारख्या चाचणीत त्यांच्या काही धावा आणि वळणं घेत पळण्याच्या काही फेऱ्या जलद झाल्या, सगळ्या नव्हे. चेंडू मारण्यातली अचूकता तर होती तिथेच राहिली. २०१६ च्या दुसऱ्या अभ्यासात हौशी महिला खेळाडूंनी सहा आठवडे उड्यांच्या सरावाला क्रिएटिनची जोड दिली, तेव्हा उडी आणि वारंवार धावण्याची क्षमता केवळ सराव करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारली. थोडक्यात, हा पदार्थ सरावाला हात देतो, सरावाची जागा घेत नाही. आठवड्यातून दोनदा मैदानावर येणाऱ्या मुलीने त्यावर पैसे घालवू नयेत.

आता हरकती. किडनी बिघडते, ही सर्वांत मोठी. निरोगी व्यक्तीने शिफारशीइतकं क्रिएटिन घेतल्यास तसं होत असल्याचं संशोधनात दिसलेलं नाही. गोंधळ होतो तो रक्ततपासणीत: क्रिएटिनपासून क्रिएटिनिन बनतं, ते अहवालात थोडं वाढलेलं दिसतं आणि घर हादरतं. म्हणून तपासणीआधी डॉक्टरांना डब्याबद्दल सांगावं. किडनीचा आजार किंवा गर्भारपण असेल तर डब्याला हातच लावू नये. दुसरी हरकत वजनाची. ऑस्ट्रेलियाच्या प्रयोगात वजन सुमारे पाऊण किलोने वाढलं, पण ही सुरुवातीची वाढ मुख्यतः स्नायूंत धरलेल्या पाण्याची असते, चरबीची नव्हे. रोज तीन ग्रॅम घेतले तरी महिनाभरात साठा तितकाच भरतो, २० ग्रॅमची घाई लागत नाही. आणि मराठवाड्याच्या उन्हाळ्यात क्रिएटिनमुळे पेटके येतात, ही समजूत अभ्यासांत टिकलेली नाही. अर्थात पाणी कमी पिऊन कोणाचंच भागत नाही. खरा धोका भेसळीचा आहे. डब्यात दुसरं काही मिसळलेलं निघालं आणि चाचणीत सापडलं, तर जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते. जिमवाल्याने सुट्ट्या पुडीत दिलेली पावडर म्हणूनच घेऊ नये.

सर्वांत वजनदार आक्षेप मात्र वेगळाच आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. रक्तात लोहच नसेल तर स्नायूंना प्राणवायू कमी पोहोचतो, आणि ती तूट क्रिएटिनने भरून निघत नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. पण त्यातून क्रिएटिन वाईट ठरत नाही, फक्त रांगेतली त्याची जागा ठरते. आधी हिमोग्लोबिन, मग पोटभर जेवण आणि डाळ-दूध-अंडी, मग नियमित सराव, आणि त्यानंतर डबा. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी कचऱ्यात टाकून हजाराचा डबा आणणं, ही उलटी गंगा झाली.

वयाचाही विचार हवा. अठरा वर्षांखालच्या मुलींवरचा अभ्यास अजून तोकडा आहे, त्यामुळे शाळकरी संघांना प्रशिक्षकाने क्रिएटिन सुचवूच नये. महाविद्यालयात खेळणारी, हिमोग्लोबिन बाराच्या वर असलेली, रोज घाम गाळणारी मुलगी तीन ग्रॅम घेत असेल, तर तिला कोणी नावं ठेवू नयेत. बाकीच्यांसाठी आधी करायचं काम स्वस्त आहे. नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. निवड चाचणीत मुलींची धाव घड्याळावर मोजली जाते; त्याच आठवड्यात प्रत्येकीचं हिमोग्लोबिनही मोजलं जावं, एवढी मागणी दोन्ही जिल्ह्यांच्या क्रीडा अधिकाऱ्यांकडे पालकांनी करायला काय हरकत आहे?