सवलत नाक्यावर नको, न्यायालयात मागू द्या

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक,
सांगली जिल्हा, विश्रामबाग



आपले कार्यालय विश्रामबागेत, माझेही विश्रामबागेत. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांना आपली माणसे रात्री पकडतात आणि त्यांतले काही जण सकाळी माझ्या टेबलासमोर येऊन बसतात. त्यांचे पहिले वाक्य ठरलेले असते, ‘वकीलसाहेब, दोनच घेतल्या होत्या.’ दुसरे त्याहून ठरलेले, ‘काहीतरी करून मिटवून टाका.’ या ‘मिटवून टाका’बद्दल आपल्याशी चार शब्द बोलायचे आहेत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ मध्ये मिटवण्यासारखे फार थोडे आहे. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल निघाले की गुन्हा झाला. पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार दंड, किंवा दोन्ही. २०१९ च्या दुरुस्तीआधी पहिल्या गुन्ह्याचा दंड ‘दोन हजारांपर्यंत’ होता. त्या ‘पर्यंत’वर आम्हा वकिलांचे पोट चालायचे. आता १० हजार म्हणजे १० हजार. चलन फाडून गुन्हा जागेवर निकाली काढण्याची सोय कलम २०० ने काही गुन्ह्यांना दिली आहे, पण त्या यादीत १८५ नाही. शिवाय कलम २० प्रमाणे दोषी ठरलेल्याचे लायसन किमान सहा महिने जाते.

उरते ती कैद. वकिलाला भांडायला जागा आहे ती तेवढीच आणि मी तिथे मनापासून भांडतो. मागे खासगी प्रवासी वाहतूक करणाऱ्या एका वडापवाल्याचे वकीलपत्र घेतले होते. अपघात नाही, आधीचा गुन्हा नाही, घरात कमावणारा एकटा. त्याने गुन्हा कबूल केला, मी दयेची विनंती केली, कैद टळली. लायसन मात्र गेले आणि तेवढे महिने तो दुसऱ्याच्या गाडीवर माल चढवत-उतरवत राहिला. जे १० हजार एखाद्याचे एका रात्रीचे हॉटेलचे बिल असतात, ते त्याला तीन ठिकाणी हात पसरून उभे करावे लागले. हे सगळे मी भर कोर्टात, सरकारी वकिलांसमोर मांडले आणि त्यांनी विरोधात जे सांगायचे ते सांगितले. सवलत मागायची रीत हीच.

माझ्या शेजारच्या काकूंना हे पटत नाही. त्यांच्या नात्यातला एक मुलगा शंभर फुटी रस्त्यावर दारू पिऊन चालवलेल्या अशाच एका गाडीखाली गेला. ‘तुम्ही त्या लोकांची बाजू घेता तरी कशी?’ असे त्यांनी मला एकदा जिन्यात विचारले. बार कौन्सिलचा नियम असा आहे की, आरोपी दोषी आहे असे वकिलाला स्वतःला वाटले, तरी त्याचा बचाव करणे हे वकिलाचे कर्तव्य आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने आरोपीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा हक्क दिला आहे. पण जिन्यात उभ्या असलेल्या काकूंना अनुच्छेद सांगून काय उपयोग? मी गप्प राहिलो. त्यांना जे उत्तर द्यायला हवे होते, ते आज आपल्याला लिहितो आहे.

मी कागद तपासतो. श्वासचाचणीच्या मशिनमधून निघालेल्या चिठ्ठीवर वेळ आहे का, मशिन शेवटचे कधी प्रमाणित केले, अटकेपासून दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी झाली का, रक्ताची बाटली कोणी सील केली, हे सगळे पाहतो. दोन तासांची ती अट कलम २०२ चीच आहे. ती पाळली नाही तर आरोपीला अटकेतून सोडावे लागते. नुसता तोंडाला वास आणि चाल डगमगती, एवढ्यावर नशा सिद्ध होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ मध्ये मुंबईच्या बचुभाई करियाणी खटल्यात सांगितले आहे. यावर लोक म्हणतात, वकील पळवाटा शोधतो.

पण साहेब, वेळेचे गणित पाहा. रक्तातले अल्कोहोल तासाला साधारण १५ मिलिग्रॅमने उतरते. म्हणजे दोन तास वाया गेले की ३० मिलिग्रॅम विरले. ६० वर असलेला माणूस कायद्याच्या रेषेवर येऊन बसतो. उशिराचा फायदा निर्दोष माणसाला काडीचाही होत नाही. होतो तो पिऊन आलेल्याला आणि त्यातही ज्याच्यासाठी धावपळ करणारी चार माणसे आहेत त्याला.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला गाडीच्या धडकेत दोन तरुण अभियंते गेले. गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाचे रक्त कित्येक तासांनी घेतले गेले आणि तोही नमुना ससून रुग्णालयात बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली. बाल न्याय मंडळाने ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला, त्यावर सगळा महाराष्ट्र संतापला. मला निबंधापेक्षा त्या बाटलीची जास्त चीड आली. निबंधाचा आदेश निदान सगळ्यांना वाचता येत होता. याउलट नोव्हेंबर २००६ मध्ये मुंबईच्या कार्टर रोडवर पदपथावर झोपलेले सात मजूर चिरडले गेले. तिथे चालकाच्या रक्तात ०.११२ टक्के, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ चौपट अल्कोहोल निघाले. बचावाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन सगळे मुद्दे मांडले. तरीही २०१२ मध्ये तीन वर्षांची शिक्षा कायम झाली. ती शिक्षा पुरेशी होती का, हा वाद वेगळा. पण वाद घालायला पुरावा जागेवर होता.

म्हणून विनंत्या तीनच. पहिली, प्रत्येक चाचणीची छापील चिठ्ठी वेळेसह निघावी आणि तिची एक प्रत चालकाच्या हातात पडावी. दुसरी, अटक आणि वैद्यकीय तपासणी या दोन्हींची घड्याळातली वेळ तिथल्या तिथे नोंदली जावी.

तिसरी विनंती सर्वांत महत्त्वाची. नाकाबंदीत गाडी अडवली की चालकाचा हात कागदपत्रांआधी मोबाइलकडे जातो. कोणीतरी ‘दादा’, कोणीतरी ‘साहेब’ पलीकडून बोलतो आणि ‘आपलाच माणूस आहे’ म्हणतो. हीसुद्धा एक वकिलीच, फक्त तिला सनद लागत नाही, समोर सरकारी वकील नसतो आणि निकाल कुठे लिहिला जात नाही. वडापवाल्याला असा फोन नव्हता, म्हणून त्याला माझ्याकडे यावे लागले. फोन असलेले माझ्याकडे येतच नाहीत. तेव्हा मशिनवर ३० च्या वर आकडा उमटला की माणूस कोणाचाही असो, प्रकरण न्यायालयात जावे. तिथे त्याच्या बाजूने बोलायला मी आहे, माझ्यासारखे आणखी पुष्कळ आहेत.

यासाठी नवा कायदा नको, निधी नको. चिठ्ठी छापणाऱ्या मशिनमध्ये चाचण्यांना ओळीने क्रमांक पडतात. येत्या ३१ डिसेंबरनंतर, १ जानेवारीच्या सकाळी आपण ते क्रमांक आणि स्टेशन डायरी शेजारी-शेजारी ठेवून पाहावे. मधला एखादा क्रमांक गळालेला दिसला, तर तो कुठे गेला एवढेच विचारावे. त्याचे उत्तर मिळाले, तर ते मला नको. आमच्या जिन्यातल्या काकूंना कळवावे.

आपला,
विश्रामबागेतील एक फौजदारी वकील