नदीतल्या राक्षसांची कैफियत

२००९ ते २०१७ या काळात ‘अ‍ॅनिमल प्लॅनेट’ वाहिनीवरून प्रसारित झालेल्या ‘रिव्हर मॉन्स्टर्स’ या माहितीपटमालिकेकडे, तिच्या नावातच राक्षस असल्यामुळे आणि प्रत्येक भागाच्या आरंभी गढूळ पाणी, किंकाळ्या व काळोख यांची योजना असल्यामुळे, जे सुज्ञ प्रेक्षक तुच्छतेने पाहतात, त्यांच्याशी माझा मतभेद आहे. गोड्या पाण्यातील महाकाय माशांचा इतक्या चिकाटीने आणि इतक्या खंडांत हिंडून घेतलेला शोध दूरचित्रवाणीवर मी दुसरा पाहिला नाही. आणि त्याचे खरे मोल थरारक दृश्यांत नसून, लोकांच्या मनातील भीतीची रीतसर चौकशी करण्याच्या पद्धतीत आहे.

मालिकेचा निवेदक आणि नायक जेरेमी वेड हा इंग्लंडमधील सफोक परगण्यात, स्टूर नदीच्या काठी वाढलेला गृहस्थ. ब्रिस्टल विद्यापीठात त्याने प्राणिशास्त्राचे अध्ययन केले, पुढे शाळेत जीवशास्त्र शिकविले, आणि १९८२ साली महासीर माशाच्या ओढीने तो प्रथम भारतात आला. कॅमेरा त्याच्यामागे येण्यापूर्वी काँगो आणि अ‍ॅमेझॉन यांच्या खोऱ्यांत त्याची अनेक वर्षे गेली होती, म्हणूनच त्याच्या बोलण्यात अननुभवी माणसाचा उथळ उत्साह नाही. एखाद्या नदीकाठी कोणी दगावले, कोणाला जबर चावा बसला किंवा कोणी पाण्यात ओढले गेले, अशी फिर्याद कानी आली की तो तेथे जातो. प्रत्यक्षदर्शींची जबानी घेतो, जखमेचा आकार आणि संशयित माशाचे दात यांचा मेळ बसतो की नाही हे पाहतो, मच्छीमारांच्या शेजारी बसून त्यांचे म्हणणे ऐकतो, आणि मगच गळ टाकतो. मासा हाती लागल्यावर त्याची मापे घेतली जातात आणि बहुतेक वेळा त्याला जिवंत पाण्यात सोडले जाते.

या चौकशीत आरोपी अनेकदा निर्दोष ठरतो, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. अमेरिकेच्या दक्षिण भागातील अ‍ॅलिगेटर गार या माशाचेच उदाहरण घ्या. सुसरीसारखे तोंड, दातांच्या दुहेरी रांगा आणि दोन मीटरांहून अधिक लांबी, एवढ्या भांडवलावर त्याला नरभक्षक ठरविण्यात आले होते. माणसावर त्याने हल्ला केल्याचा एकही सिद्ध झालेला दाखला नसताना, १९३०च्या दशकात टेक्सास राज्याच्या सरकारी खात्याने या माशाच्या संहारासाठी पाण्यात विजेचा प्रवाह सोडणारी खास नौका बांधली होती. वेडने टेक्सासच्या ट्रिनिटी नदीत हा मासा पकडून त्याची बाजू लोकांसमोर मांडली, आणि योगायोगाने त्याच वर्षी, २००९ साली, टेक्सासने माणशी दिवसाला एकच गार, असा निर्बंध घातला. निर्बंध शास्त्रज्ञांच्या कष्टांचे फळ होता, मालिकेचे नव्हे. परंतु असे निर्बंध लोकांना पटावेत म्हणून जे लोकमत लागते, ते घडविण्याचे सामर्थ्य या माध्यमात आहे.

भारत आणि नेपाळ यांच्या सीमेवरील काली नदीचा भाग याहून गंभीर आहे. १९९८ ते २००७ या काळात तेथे नदीत उतरलेली माणसे पाण्याखाली ओढली जाऊन नाहीशी झाली, असे काठावरील लोकांचे सांगणे होते. मगर तेथील थंड, वेगवान पाण्यात राहणार नाही, आणि भोवऱ्याचा तर्क साक्षीदारांना मान्य नव्हता. वेडचा संशय गूंच या प्रचंड शिंगाळा-जातीच्या माशावर गेला, आणि अखेर माणसाएवढ्या लांबीचा, सुमारे पाऊणशे किलो वजनाचा गूंच त्याने पाण्याबाहेर काढला. नदीकाठच्या चितांवरून अर्धवट जळालेले देह पाण्यात जातात व त्यावर हे मासे पोसले जातात, हा तर्कही त्याने तपासला. माणसे या माशानेच नेली हे निःसंशय सिद्ध झाले असे मी म्हणणार नाही. पण आपल्याच अंत्यविधींचा आणि नदीतील जीवांचा संबंध असा निर्भयपणे पडद्यावर आणणे, ही साधी गोष्ट नव्हती.

मराठी वाचकाने या माशाविषयी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. गूंच ज्या बॅगॅरियस यारेली या शास्त्रीय नावाने ओळखला जात आला, ते नाव १८३९ साली कर्नल साइक्स या ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्याने दिले. दख्खनच्या मुलखाची सांख्यिकी पाहणी करताना पुण्याच्या मुळा-मुठेतील माशावरून त्याने हे वर्णन लिहिले. खुडशी महासीराचे पहिले शास्त्रीय वर्णनही त्याचेच, आणि तेही याच नदीतले. ज्या पाण्यात आज शहराचे सांडपाणी वाहते, तेथे हे दोन बलाढ्य मासे नांदत होते, असे त्याचे दप्तर सांगते.

जगभरची स्थितीही वेगळी नाही. १९७० ते २०१२ या अवधीत गोड्या पाण्यातील महाकाय प्राण्यांची संख्या सरासरी ८८ टक्क्यांनी घटल्याचे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. चीनच्या यांगत्से नदीतील प्रचंड पॅडलफिश २००३ नंतर जिवंत दिसलेला नाही आणि २०२२ साली तो नामशेष जाहीर झाला. अशा काळात माशांना राक्षस म्हणण्यात धोका आहे, हे मला मान्य आहे. मालिकेच्या पहिल्या पंधरा मिनिटांतील आरडाओरडा पाहून जो प्रेक्षक उठून जातो, त्याच्या मनात भीती तेवढी उरते, आणि निवाडा त्याच्यापर्यंत पोचतच नाही. हा दोष संकलकांचा आणि वाहिनीच्या व्यापारी हिशेबाचा आहे, त्याबद्दल त्यांना माफी नाही.

तरीही काठावरच्या माणसाची साक्ष प्रमाण मानणे, हा मालिकेचा धडा मी सोडू इच्छित नाही. ब्राझीलच्या मामिरावा अभयारण्यात अरापाइमा हा महामत्स्य श्वासासाठी पृष्ठभागावर येतो तेव्हा मच्छीमारच त्याची मोजदाद करतात. ही मोजणी शास्त्रीय पद्धतीच्या मोजणीशी जुळते असे आढळले, तिच्या आधारे मासेमारीची मर्यादा ठरविली गेली, आणि मासे पुन्हा वाढले. आपल्याकडे कावेरीतील उंच पाठीच्या महासीराचा ऱ्हासही उघड झाला तो गळ टाकणाऱ्यांच्या छावणीतील नोंदवह्यांवरून. त्या ऱ्हासाशी आपलाही संबंध आहे. लोणावळ्याच्या वळवण येथे टाटा कंपनीच्या केंद्रात, निःसंशय सद्हेतूने, वाढविलेले खुडशी महासीराचे बीज कावेरीत सोडले गेले, ते तेथे फोफावले, आणि मूळचा महासीर मागे पडत गेला. २०१८ साली त्या माशाची शास्त्रीय ओळख निश्चित झाली आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून करावी लागली. कोणत्या नदीत कोणता मासा मूळचा, हे सोडणाऱ्याने काठच्या माणसाला आधी विचारले असते, तर अनर्थ कदाचित टळला असता.

म्हणून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीला आणि विद्यापीठांच्या प्राणिशास्त्र विभागांना माझी विनंती आहे की, गोदावरी, कृष्णा आणि भीमा यांच्या माशांची अशीच एक तपासमालिका मराठीत करावी. संगीताचा गोंगाट नको, पण चौकशीची शिस्त तीच असावी, आणि पहिली जबानी भोई व कोळी मच्छीमारांची घ्यावी. आरंभ भीमेपासून व्हावा. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले, त्यानंतर त्या पाण्यात परदेशी चिलापीचे राज्य आले; धरणापूर्वीची भीमा आणि तिच्या डोहांतले मोठे मासे ज्यांनी स्वतःच्या जाळ्यात पाहिले, ती माणसे आज सत्तरी ओलांडून गेली आहेत. त्यांच्या साक्षी या एक-दोन वर्षांतच नोंदविल्या गेल्या पाहिजेत.