विश्लेषण : उर्दू मालिकांच्या अखेरच्या भागात तिला शिक्षा, त्याला माफी का?

5 नोव्हेंबर 2024, मंगळवार. पाकिस्तानात त्या रात्री अनेक जण तिकीट काढून चित्रपटगृहात गेले, पण सिनेमा पाहायला नाही. ‘एआरवाय डिजिटल’ वाहिनीवरील ‘कभी मैं कभी तुम’ या मालिकेचा 34 वा आणि अखेरचा भाग मोठ्या पडद्यावर दाखवला जाणार होता. घरच्या टीव्हीवर तो फुकट दिसणार होता, यूट्यूबवरही येणार होता. तरीही शर्जीना नवऱ्याकडे परत जाते की नाही, हे चारचौघांत बसून पाहायची अनेकांची इच्छा होती. ती परत गेली. त्या परत जाण्याबद्दल मात्र थोडे बोलायला हवे. (मालिका अजून पाहिली नसेल तर पुढे शेवट उघड होणार आहे, हे लक्षात घ्यावे.)

शेवटच्या भागाला इतके महत्त्व का?

कारण या मालिकांना शेवट असतो. उर्दू कौटुंबिक मालिका साधारणपणे आठवड्यातून एक किंवा दोन दिवस लागते, पंचवीस-पस्तीस भागांत आटोपते आणि बहुतेक वेळा पूर्ण कथा एकाच लेखकाची असते. ‘कभी मैं कभी तुम’ जुलै 2024 मध्ये सुरू झाली आणि चार महिन्यांत संपली. लेखिका फरहत इश्तियाक यांना शेवट कुठे करायचा हे ठाऊक होते.

आपल्याकडचा हिशेब वेगळा. आठवड्याला पाच-सहा भाग, दर गुरुवारी टीआरपी, आकडा घसरला की लीप किंवा नवी खलनायिका. ‘चार दिवस सासूचे’ तीन हजारांहून अधिक भाग चालली. अशा मालिकेचा शेवट कथेतून येत नाही, वाहिनीला ती वेळ दुसऱ्या मालिकेसाठी हवी असते म्हणून येतो. मग सेटवर केक कापल्याचे रील येते आणि दोन भागांत सगळे एकमेकांना मिठ्या मारतात. अशा घाईत कोणाला माफी मिळाली आणि कोणाला शिक्षा, याचा विचार प्रेक्षकही करत नाही. 2012 मध्ये काही महिन्यांतच निरोप घेणारी ‘एका लग्नाची दुसरी गोष्ट’ आजही आठवते, याचे एक कारण ती वेळेवर थांबली हेही आहे.

उर्दू मालिकेत मात्र शेवटचा भाग हा निकाल असतो. म्हणूनच तो निकाल तपासावा लागतो.

निकाल कोणाच्या बाजूने लागतो?

चित्रपटगृहात अखेरचा भाग दाखवण्याचा प्रयोग याच वाहिनीने त्याआधी 25 जानेवारी 2020 रोजी केला होता. मालिका होती ‘मेरे पास तुम हो’, लेखक खलील-उर-रहमान कमर. मेहविश ही साध्या सरकारी नोकरीतल्या दानिशला आणि लहानग्या मुलाला सोडून श्रीमंत शहवारकडे जाते, तिथे फसते आणि पस्तावते. अखेरच्या भागात ती माफी मागते. दानिशला हृदयविकाराचा झटका येतो आणि तो मरतो. तिला परतीची वाट उरत नाही. मालिकेत स्त्रियांची बदनामी होते, असे म्हणत एका महिलेने हा भाग थांबवण्यासाठी लाहोरच्या न्यायालयात धाव घेतली होती. तरी भाग ठरल्या दिवशी दाखवला गेला.

आता ‘हमसफर’ आठवा. फवाद खान आणि माहिरा खान यांना घराघरांत नेणारी ही मालिका मार्च 2012 मध्ये संपली. कथा फरहत इश्तियाक यांचीच. आईने रचलेल्या कटावर विश्वास ठेवून अशर बायकोकडे पाठ फिरवतो. खिरद एकटीने मुलगी वाढवते, तिच्या हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी त्याच्या दारात येते. शेवटी सत्य बाहेर पडते आणि ती त्याला माफ करते. खलनायिका सासू वेडी होते. अशरने बायकोला एक प्रश्नही न विचारता तिच्यावर अविश्वास दाखवला, याचा दोष त्यामुळे अलगद सासूच्या खात्यावर जातो.

‘कभी मैं कभी तुम’चा मुस्तफा यापेक्षा पुष्कळ बरा माणूस. थोरला भाऊ अदील ऐन लग्नाच्या वेळी शर्जीनाला नाकारतो, तेव्हा हा पुढे होतो. घरच्यांनी बिनकामाचा ठरवलेला मुलगा आणि शिकलेली, कमावती बायको गच्चीवरच्या खोलीत संसार मांडतात. फहाद मुस्तफा आणि हानिया आमिर यांची ती भांडणे, तो चहा, पैशांचा हिशेब यांत मालिकेचा जीव आहे. पुढे नोकरीत बढती मिळते आणि तोच मुस्तफा घरात नसल्यासारखा होतो. शर्जीना पोटातले बाळ गमावते, तेव्हा तो तिच्याजवळ नसतो. ती घर सोडते. हा मालिकेतला सर्वांत धीट निर्णय होता, कारण त्यात ना मारहाण होती ना दुसरी बाई. फक्त दुर्लक्ष. तेवढ्या कारणासाठीही बाई निघून जाऊ शकते, हे या मालिकेने मुख्य वेळेत दाखवले.

आणि मग अखेरच्या भागात तिला परत आणले.

भारतातल्या प्रेक्षकांचे काय?

मुंबई-पुण्यात बसून ही मालिका यूट्यूबवर भागागणिक पाहणारे कमी नव्हते. त्याआधी 2014 मध्ये ‘झिंदगी’ वाहिनीने ‘हमसफर’ आणि ‘जिंदगी गुलजार है’ भारतात आणल्या होत्या. उरी हल्ल्यानंतर 2016 मध्ये त्या वाहिनीवरील पाकिस्तानी मालिका बंद झाल्या. एप्रिल 2025 मधील पहलगाम हल्ल्यानंतर यूट्यूबवरील पाकिस्तानी वाहिन्याही भारतात दिसेनाशा झाल्या आणि 8 मे रोजी माहिती व प्रसारण मंत्रालयाने ओटीटी मंचांनाही पाकिस्तानी मालिका हटवण्यास सांगितले. ‘कभी मैं कभी तुम’ त्याआधीच संपली होती, त्यामुळे तिचा शेवट तरी पाहता आला.

मग शर्जीनाने परतायला नको होते का?

मुस्तफाचे दुर्लक्ष आणि मेहविशचा व्यभिचार एकाच तराजूत कसे तोलायचे, असे कोणी विचारेल. रास्त आहे. शिवाय याच मालिकेत रुबाब फसवणाऱ्या अदीलला दारात उभे करत नाही. म्हणजे या लेखिकेला प्रत्येक नवऱ्याला माफ करायचे नाही, हे ‘हमसफर’नंतरच्या बारा वर्षांत दिसते.

तरीही एक फरक खटकतो. मेहविशचा पश्चात्ताप भाग भागभर दाखवला जातो, ती रडते, दार वाजवते, अपमान गिळते आणि तरी तो पुरत नाही. अशर आणि मुस्तफा यांचा पश्चात्ताप शेवटच्या टप्प्यात उरकतो आणि तेवढा पुरतो. शर्जीना परत आली यात गैर काही नाही, प्रेक्षकालाही तेच हवे होते. पण बाळ गेल्यानंतरचे तिचे दिवस, तिचा राग कसा ओसरला, पुन्हा बढती मिळाली तर काय करायचे याबद्दल दोघांचे काय ठरले, हे पडद्यावर पुरेसे आलेच नाही. त्यासाठी आणखी एक-दोन भाग लागले असते. वाहिनीने ते आनंदाने दिले असते आणि चित्रपटगृहातली तिकिटेही खपली असती.